लहान शिकार व परभक्षी प्राणी : बालाघाट पठारावरील संबंधांचा इतिहास

ससा, तित्तर, लावा, पखुर्डी यांसारख्या आकाराने लहान आणि खाण्यासाठी किंवा करमणुकीसाठी मारल्या जाणाऱ्या वन्य प्राण्यांना व पक्ष्यांना ‘लहान शिकार’ अशी संज्ञा आहे. सांबर, चितळ, गवा, अस्वल इ. प्राण्यांची ‘मोठी शिकार’ तिच्याहून वेगळी मानण्यात येई. ही विभागणी मूळची शिकाऱ्यांच्या व्यवहारातली. पुढे ती कायद्यातही आली. लहान शिकारीवर माणसाखेरीज इतर अनेक प्राणी जगतात. लांडगा, कोल्हा, खोकड, रानमांजर, मुंगूस, घोरपड, साप, ससाणे व गरुड हे त्यांपैकी प्रमुख होत. दुसऱ्या प्राण्यांना मारून खाणाऱ्या अशा प्राण्यांना परभक्षी म्हणतात. एखाद्या गावाच्या शिवारातील ससे किंवा तित्तर कमी झाले, म्हणजे त्याचा दोष सामान्यतः परभक्षींवर ठेवण्यात येतो. हा समज जुना असून त्याच्या आधारे शेकडो वर्षे परभक्षींचा संहार झाला. तो कितपत साधार आहे, याचा विचार प्रस्तुत नोंदीत धाराशिव जिल्ह्यातील बेंबळी व तिच्याभोवतालचा पठारी प्रदेश यांच्या संदर्भात केला आहे. या प्रदेशास लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे माळरानावरील वन्य जीवांचा दीर्घकाळ शास्त्रीय अभ्यास झालेला असल्याने तेथील निरीक्षणे या विवेचनास विशेष उपयुक्त ठरतात.

प्रदेश व प्राणिजीवन : बेंबळी हे धाराशिव तालुक्यातील गाव. धाराशिव जिल्हा बालाघाट डोंगररांगेच्या पठारी भागात असून पर्जन्यछायेच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडतो. सखल भागात काळी जमीन व चढावर मुरमाड बरड जमीन अशी येथील साधारण रचना आहे. काळ्या जमिनीत ज्वारी, हरभरा, तूर आणि अलीकडच्या काळात सोयाबीन व ऊस ही पिके घेतात. बरड जमिनीवर मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी ही गवते आणि बोर, हिवर, तरवड, बाभूळ यांची विरळ झुडपे वाढतात. जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प असल्यामुळे गायराने, माळ, ओढ्यांचे काठ व शेतांचे रुंद बांध हीच वन्य जीवांची मुख्य आश्रयस्थाने होत. येडशी येथील रामलिंग घाट अभयारण्य (स्थापना १९९७, क्षेत्रफळ सु. २२ चौ. किमी.) हे या भागातील लहानसे संरक्षित क्षेत्र आहे.

येथील लहान शिकारीत ससा (लेपस नायग्रिकॉलिस) हा सस्तन प्राणी प्रमुख आहे [⟶ ससा]. तो बिळात राहत नाही. गवताच्या वा झुडपाच्या आडोशाला केलेल्या उथळ खळग्यात तो दिवस काढतो आणि संध्याकाळी चरावयास बाहेर पडतो. त्याची वीण वर्षभर चालू असली, तरी पावसाळ्यात ती अधिक असते. पिलांच्या अंगावर जन्मतःच केस असतात व त्यांचे डोळे उघडे असतात. पक्ष्यांमध्ये राखी तित्तर, लाव्यांच्या अनेक जाती व पखुर्डी हे जमिनीवर राहणारे व जमिनीवरच अंडी घालणारे पक्षी महत्त्वाचे आहेत. तित्तराची मादी गवतात वा झुडपाच्या बुडाशी साधारणतः सहा ते आठ अंडी घालते. पर्जन्यलाव्याची वीण पावसाळ्यात होते. पखुर्डीची अंडी बहुधा तीनच असतात आणि ती उघड्या जमिनीवर घातलेली असतात. तथापि त्यांचा रंग मातीशी इतका मिळताजुळता असतो, की जवळ जाऊनही ती दृष्टीस पडत नाहीत. या सर्व प्राण्यांच्या जीवनक्रमात एक गोष्ट समान आहे. त्यांची वाढ वेगाने होते व त्यांतील बहुसंख्य एक वर्षाच्या आतच मरतात. मोठ्या संख्येने उत्पत्ती व मोठ्या संख्येने नाश हाच त्यांच्या जीवनाचा नियम असल्यामुळे, परभक्षींनी किती मारले एवढ्यावरून त्यांच्या संख्येवर झालेला परिणाम ठरविता येत नाही.

परभक्षींचा आहार : लहान शिकारीचे शत्रू म्हणून ओळखले जाणारे प्राणी प्रत्यक्षात तिच्यावर सर्वस्वी अवलंबून असतात असे नाही. खोकड (व्हल्पिस बेंगालेन्सिस) हा माळरानावरील लहान कोल्हा उंदीर, घूस, टोळ, वाळवी, सरडे, बोरे व क्वचित पक्ष्यांची अंडी खातो. कोल्हा मृत जनावरे, उंदीर, बोरे व ऊस यांवर निर्वाह करतो. ससा किंवा तित्तर त्याला संधी मिळेल तेव्हाच लाभतो. रानमांजराच्या आहारात उंदरांचे प्रमाण सर्वाधिक असते. राजस्थानातील सरिस्का येथील अभ्यासावरून (२००४) एक रानमांजर दिवसास तीन ते पाच उंदीर, म्हणजे वर्षास एक हजारांहून अधिक उंदीर खाते असे अनुमान काढण्यात आले. ज्या प्राण्याला शेतकरी तित्तरांचा शत्रू मानतो, तो वर्षभर त्याच्याच शेतातील उंदीर कमी करीत असतो.

लांडगा (कॅनिस ल्यूपस पॅलिपीस) हा या पठारावरील सर्वांत मोठा स्थायिक परभक्षी [⟶ लांडगा]. ज्या ठिकाणी काळवीट टिकून आहेत, त्या ठिकाणी तोच त्याचा मुख्य आहार असतो. गुजरातेतील वेळावदर येथे हे विशेष स्पष्टपणे आढळले आहे. काळवीट नसेल किंवा अपुरे असेल, तर तो शेळ्यामेंढ्यांकडे वळतो. सशांचा वाटा त्या मानाने दुय्यम राहतो. मेंढपाळांशी त्याचा संघर्ष होण्याचे मूळ यात आहे. शिकारी पक्ष्यांपैकी मोरघार ही ससे व तित्तर पकडण्याइतकी समर्थ असते. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्ये मुख्यतः टोळ, चंडोल व लहान पक्षी यांवर जगतात. धामण, नाग, घोरपड व मुंगूस यांच्याकडून जमिनीवरील अंड्यांचा व पिलांचा नाश होतो. प्रौढ प्राण्यांपेक्षा अंडी व पिले यांवरच परभक्षींचा भार अधिक पडतो, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : दख्खनच्या पठारावर शिकारीची परंपरा फार जुनी आहे. कल्याणी (सध्याचे बसवकल्याण, बीदर जिल्हा, कर्नाटक) येथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेचे व श्येनविनोदाचे, म्हणजे ससाण्यांकडून पक्ष्यांची शिकार करविण्याचे, सविस्तर वर्णन आहे. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा चालुक्यांच्या सत्तेखाली होता व कल्याणीपासून दूर नव्हता. यावरून दोन गोष्टी दिसून येतात. ससाणा व चित्ता यांसारख्या परभक्षींना माणसाळवून शिकारीस लावण्याची कला दख्खनमध्ये रुजलेली होती. त्यामुळे परभक्षी हा शिकाऱ्याचा शत्रू ही कल्पना सार्वत्रिक नव्हती. दुसरे म्हणजे, असे खेळ चालू ठेवण्याइतकी लहान शिकार व तिला लागणारी माळराने त्या काळी उपलब्ध होती.

दरबारी शिकारीखेरीज उपजीविकेसाठी होणारी शिकारही होती. फासेपारधी हा या प्रदेशातील शिकारीवर जगणारा समाज. केस, सूत वा तात यांचे फास माळावर ओळीने मांडून तित्तर, लावा व ससे पकडणे, शिकविलेल्या गाईबैलाच्या आडून सावजाजवळ जाणे, माणसाळविलेल्या तित्तराच्या आवाजाने रानटी तित्तरांना बोलावून घेणे इ. त्यांच्या पद्धती प्राण्यांच्या सवयींच्या सूक्ष्म ज्ञानावर आधारलेल्या होत्या. परिस्थितिविज्ञानाच्या दृष्टीने पाहता पारधी हाही या माळरानावरील एक परभक्षीच होता. पण त्याची साधने मर्यादित होती व सावज विरळ झाले, की तळ हलविणे त्याला भाग पडे. ब्रिटिश अमदानीत १८७१ च्या गुन्हेगार जमातींविषयीच्या कायद्याने व त्याच्या पुढील आवृत्त्यांनी अशा भटक्या समाजांवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परभक्षी जनावरे व शिकारीवर जगणारी माणसे या दोहोंना एकाच शतकात ‘उपद्रवी’ ठरविण्यात आले, हा योगायोग लक्षणीय आहे.

बक्षिसांचा काळ : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश सरकारने हिंस्र श्वापदांच्या नाशासाठी बक्षिसे देण्याची पद्धत व्यापक प्रमाणावर सुरू केली. मारलेल्या जनावराचे कातडे वा डोके सरकारी कचेरीत दाखविले, की ठराविक रक्कम मिळत असे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अनुमानानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात बक्षिसांसाठी ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबळे व २,००,००० लांडगे मारण्यात आले. माणसांचे व जनावरांचे रक्षण हा या मोहिमेचा जाहीर हेतू होता. तथापि शिकारीच्या प्राण्यांत आपल्याला वाटेकरी नको, ही शिकाऱ्यांची भावनाही तिच्यामागे होती. निलगिरीमधील इंग्रज शिकाऱ्यांच्या संघटनेने रानकुत्र्यांना मारण्यासाठी बक्षिसे लावली होती, ती याच भावनेतून. तेथे शिकारीच्या प्राण्यांच्या रक्षणासाठी १८७९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला.

याच सुमारास लहान शिकारीस मात्र कायद्याचे संरक्षण मिळू लागले. १८८७ चा वन्य पक्ष्यांविषयीचा अधिनियम व त्यामागून आलेला १९१२ चा वन्य पक्षी व प्राणी संरक्षण अधिनियम यांनी विणीच्या हंगामात शिकारबंदी घालण्याची तरतूद केली. १९१२ च्या अधिनियमाच्या यादीत तित्तर, लावा, पखुर्डी, माळढोक, तणमोर व ससे यांचा समावेश होता. लांडगा, कोल्हा, खोकड यांचा नव्हता. हे अधिनियम ब्रिटिश हिंदुस्थानापुरते होते. धाराशिव हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. १८५३ ते १८६० या काळात नळदुर्ग जिल्हा म्हणून तो इंग्रजांच्या ताब्यात होता, ते सोडल्यास १९४८ पर्यंत येथे संस्थानी अंमल राहिला. संस्थानातील पक्षिजीवनाची पहिली पद्धतशीर पाहणी सलीम अली यांनी १९३१–३२ मध्ये केली व तिचा वृत्तांत मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती झपाट्याने पालटली. लष्करातून विक्रीस निघालेल्या जीपगाड्या, प्रखर विजेऱ्या व सहज मिळणाऱ्या बंदुका यांमुळे रात्रीच्या वेळी माळावर गाडी घालून ससे व काळवीट मारणे सोपे झाले. दिव्याच्या झोतात ससा जागीच थबकतो. त्याला लपण्याची जी उपजत कला आहे, ती येथे निरुपयोगी ठरते. चित्ता तर याच काळात देशातून नाहीसा झाला. सध्याच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानात १९४७ मध्ये मारलेले तीन चित्ते हे देशातील शेवटचे खात्रीलायक चित्ते मानण्यात येतात. लांडग्यांची संख्याही पुष्कळच घटली होती. परभक्षी कमी झाल्यामुळे लहान शिकार वाढेल ही अपेक्षा खरी असती, तर विसाव्या शतकाच्या मध्यास दख्खनची माळराने तित्तर, ससे व माळढोक यांनी भरून गेलेली दिसली असती. प्रत्यक्षात उलट घडले. माळढोकांची देशातील संख्या १९६९ मध्ये धर्मकुमारसिंहजी यांनी केवळ १,२६० इतकी अंदाजिली.

शास्त्रीय विचाराचा विकास : परभक्षी व भक्ष्य यांच्या संख्यांतील संबंधांचा गणिती विचार ॲल्फ्रेड लोटका (१९२५) व इटालियन गणितज्ञ व्हीतो व्होल्तेर्रा (१९२६) यांनी स्वतंत्रपणे मांडला. पहिल्या महायुद्धात एड्रिॲटिक समुद्रातील मासेमारी थंडावली असता परभक्षी माशांचे प्रमाण का वाढले, या प्रश्नातून व्होल्तेर्रा यांचे संशोधन निघाले. भक्ष्य वाढले की परभक्षी वाढतात, त्यामुळे भक्ष्य घटते व त्यामागून परभक्षीही घटतात, असे हे चक्र होय. कॅनडातील हडसन बे कंपनीच्या कातड्यांच्या नोंदींवरून चार्ल्स एल्टन यांनी हिमससा व लिंक्स यांच्या संख्यांत सु. दहा वर्षांचे चक्र दाखवून दिले. तेथील क्लुएन भागात पुढे मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाले (निष्कर्ष प्रसिद्ध १९९५). परभक्षींना कुंपणाबाहेर ठेवले असता सशांची संख्या दुप्पट झाली. केवळ अन्न पुरविले असता ती तिप्पट झाली. दोन्ही उपाय एकत्र केले असता ती अकरा पटींपर्यंत गेली. परभक्षण व अन्न ही दोन स्वतंत्र कारणे नसून ती एकमेकांशी गुंतलेली आहेत, हे यावरून सिद्ध झाले.

लहान शिकारीच्या दृष्टीने अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ पॉल एरिंग्टन यांचे कार्य विशेष महत्त्वाचे आहे. विस्कॉन्सिन व आयोवा या राज्यांतील लाव्यासारख्या बॉबव्हाइट या पक्ष्यांवर त्यांनी १९२९ पासून अनेक हिवाळे निरीक्षणे केली. एखाद्या क्षेत्रात आडोसा व अन्न यांच्या मानाने ठराविक संख्येलाच सुरक्षित आसरा मिळतो. त्याहून अधिक असलेले पक्षी परभक्षी, थंडी वा उपासमार यांपैकी कशाने तरी मरतातच, असे त्यांना आढळले. घुबडे व कोल्हे मारतात ते बहुधा या ‘अतिरिक्त’ पक्ष्यांना. म्हणून एक परभक्षी नाहीसा केला, तरी दुसऱ्या कारणाने तेवढीच हानी होते. शिकारीच्या प्राण्यांची संख्या वाढवावयाची असेल, तर परभक्षी मारण्याऐवजी आसऱ्याची व्यवस्था करावी, असा या संशोधनाचा रोख होता.

हा सिद्धांत सर्वत्र जसाच्या तसा लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. इंग्लंडमधील सॉल्झबरी मैदानावर १९८४ ते १९९० या काळात राखी पार्ट्रिज या तित्तरवर्गीय पक्ष्यावर प्रयोग झाला. विणीच्या हंगामात कोल्हे, कावळे इत्यादींचे नियंत्रण केले असता तीन वर्षांत ऑगस्टमधील पक्ष्यांची संख्या नियंत्रण नसलेल्या क्षेत्राच्या मानाने सु. साडेतीन पट झाली. अंडी उबविणाऱ्या माद्या व अंडी यांचा नाश हा प्रौढ पक्ष्यांच्या हिवाळी मृत्यूसारखा सहज भरून निघत नाही, हे त्याचे कारण. मात्र याच पक्ष्याच्या ऱ्हासाचे मूळ डिक पॉट्स यांनी अन्यत्र शोधले होते. तणनाशकांमुळे शेतांतील तण नाहीसे झाले, तणावर जगणारे कीटक गेले आणि पहिल्या काही आठवड्यांत कीटकांवरच वाढणारी पिले उपाशी मरू लागली. आधीच क्षीण झालेल्या संख्येवर परभक्षींचा भार पडला, तेव्हा तो असह्य ठरला. तात्पर्य, परभक्षी हे ऱ्हासाचे आद्य कारण क्वचितच असतात. पण अधिवास बिघडल्यावर ते ऱ्हासाचा वेग वाढवू शकतात.

नान्नजचा अनुभव : सोलापूरच्या उत्तरेस असलेल्या नान्नज येथे १९७२ मध्ये निसर्गप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांच्या निरीक्षणातून माळढोकांचे अस्तित्व प्रकाशात आले. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत मिळून ८,००० चौ. किमी.हून मोठे माळढोक अभयारण्य घोषित झाले. पुढे ते कमी करून सु. १,२०० चौ. किमी. ठेवण्यात आले. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली येथील काही पडीक क्षेत्रे चराईपासून राखण्यात आली होती. कुंपणाच्या आत गवत वाढले व त्याबरोबर टोळ, उंदीर, लावा, तित्तर, ससे आणि काळवीट यांना आसरा मिळाला. लांडगा व खोकड हेही तेथेच नांदू लागले. परभक्षी व त्यांचे भक्ष्य हे दोन्ही एकाच ठिकाणी एकाच कारणाने टिकून राहिले, हा नान्नजचा पहिला धडा होय.

सतीश कुमार व असद रहमानी यांनी नान्नज येथील लांडग्यांचा अभ्यास केला. लांडग्यांचा संबंध मुख्यतः काळवीट व शेळ्यामेंढ्या यांच्याशी असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. बिलाल हबीब व सतीश कुमार यांच्या अभ्यासात (२००७) माणसांच्या वावरामुळे लांडग्यांना आपली विणीची जागा वारंवार बदलावी लागते, असे आढळले. संपूर्ण देशातील लांडग्यांची संख्या सु. ३,००० च्या आसपास असल्याचा अलीकडील अंदाज आहे. इतक्या विरळ असलेल्या व लहान शिकारीवर अंशतःच अवलंबून असलेल्या प्राण्यामुळे शेकडो गावांच्या शिवारांतील ससे व तित्तर कमी झाले, असे म्हणणे तर्काला धरून नाही.

माळढोकाला मात्र हे संरक्षण पुरेसे ठरले नाही. भोवतालच्या शेतीचे स्वरूप बदलले, विहिरी व विजेच्या तारा वाढल्या, माळाचे तुकडे झाले. आणि वर्षातून एकच अंडे घालणारा हा पक्षी नान्नज येथून जवळजवळ नाहीसा झाला. वेगाने प्रजनन करणारा लावा ज्या हानीतून सावरतो, तीच हानी संथ प्रजननाच्या पक्ष्याला संपवू शकते.

कुत्रा : एक नवा घटक : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून माळरानांवर गावकुत्र्यांचा वावर हा महत्त्वाचा प्रश्न झाला आहे. कुत्रा हा वन्य परभक्षींपेक्षा एका मूलभूत बाबतीत वेगळा आहे. लांडग्याची वा खोकडाची संख्या भक्ष्याच्या उपलब्धतेवर अवलंबून असते. भक्ष्य घटले की तीही घटते. कुत्र्याचे पोट मात्र गावातील अन्नावर भरते. त्यामुळे ससे संपत आले, तरी कुत्र्यांची संख्या कमी होत नाही व भक्ष्याला पुन्हा वाढण्यास उसंत मिळत नाही. व्होल्तेर्रा यांनी वर्णिलेले चक्र येथे तुटते.

अबी वनक व मॅथ्यू गॉम्पर यांनी नान्नज परिसरात खोकड व कुत्रा यांचा तौलनिक अभ्यास केला (२००९). कुत्र्यांच्या आहारात मानवी वस्तीतून मिळणाऱ्या अन्नाचा भाग मोठा, तर खोकडाच्या आहारात उंदीर व कीटक यांचा भाग मोठा असल्याचे दिसून आले. अन्नासाठी त्यांची स्पर्धा फारशी नव्हती. तरीही कुत्र्याच्या सान्निध्यात खोकड समोरचे अन्न कमी खातो, असे प्रयोगांती आढळले. कुत्र्यांतील साथीचे विषाणू खोकडांमध्येही पसरलेले आहेत, हे पुढील संशोधनात (२०१४) उघड झाले. लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय पुरावेही पुणे परिसरात मिळाले (२०२३). मोठा परभक्षी नाहीसा झाला, की मध्यम आकाराचे परभक्षी वाढतात व लहान प्राण्यांवरील भार कमी न होता वाढतो, हे तत्त्व अमेरिकन शास्त्रज्ञ मायकेल सूले यांनी १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील झुडुपी प्रदेशांच्या अभ्यासातून मांडले. दख्खनवर लांडग्याची जागा कुत्र्याने घेणे हे त्याचेच एक रूप म्हणता येईल.

कायद्यातील स्थान : १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमात प्राण्यांचे अनुसूचींनुसार वर्गीकरण करण्यात आले. विशेष शिकार, मोठी शिकार व लहान शिकार यांसाठी वेगवेगळे परवाने होते आणि ससे, तित्तर, लावे यांचा समावेश लहान शिकारीच्या चौथ्या अनुसूचीत होता. पाचव्या अनुसूचीत ‘उपद्रवी’ प्राणी होते व तिच्यात कावळा, उंदीर यांच्या जोडीने मुळात कोल्हा व खोकड यांनाही स्थान मिळाले होते. उंदीर खाणारा प्राणी व उंदीर हे एकाच यादीत असणे ही विसंगती पुढे दूर करण्यात आली. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने बंद झाले आणि ‘लहान शिकार’ ही संज्ञा व्यवहारात इतिहासजमा झाली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची संख्या सहावरून चारवर आणली. शिकार बेकायदा झाली, तरी फास व रात्रीची शिकार पूर्णपणे थांबलेली नाही.

बेंबळी परिसरास लागू पडणारे निष्कर्ष : बेंबळीसारख्या गावाच्या शिवारात लहान प्राण्यांचे भवितव्य मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते. पहिली गोष्ट आडोसा. गायरान अतिचराईने उघडे पडले किंवा बांध नांगरून अरुंद केले, की तित्तराची घरटी उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यांत एकवटतात. अशा पट्ट्यातून फिरणाऱ्या मुंगसाला, धामणीला वा कुत्र्याला ती हमखास सापडतात. परभक्षी तेच असतात, त्यांची भूकही तीच असते. बदललेला असतो तो आडोसा. दुसरी गोष्ट पिलांचे अन्न. खरिपाचे क्षेत्र एकाच पिकाखाली आले व तणनाशके आणि कीटकनाशके यांचा वापर वाढला, म्हणजे पावसाळ्यात विणाऱ्या लाव्यांच्या पिलांना टोळ व वाळवी मिळेनाशी होतात. तिसरी गोष्ट कुत्रे व माणूस, म्हणजे भक्ष्याच्या विरळतेने ज्यांच्यावर नियंत्रण येत नाही असे परभक्षी.

गवताळ माळ पडीक समजून त्यावर सरसकट वृक्षलागवड करण्याचा प्रघातही येथे विचारात घ्यावा लागतो. गिरिपुष्प वा सुबाभूळ यांची दाट लागवड झाल्यास पखुर्डी व खोकड यांसारखे मोकळ्या जागेचे प्राणी तेथून निघून जातात. लांडग्याचा प्रश्न सोडविताना मेंढपाळाच्या नुकसानीची वेळेवर भरपाई होणे हेही तितकेच आवश्यक आहे. कळपातील चार मेंढ्या गमावणाऱ्या कुटुंबाला निसर्गाच्या समतोलाचे महत्त्व पटवून देणे अन्यथा व्यर्थ ठरते व विषप्रयोगाचा मार्ग मोकळा राहतो.

डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किमी. अंतर चालून आलेला एक वाघ येडशी येथील अभयारण्यात छायाचित्रित झाला. मोठ्या परभक्षीचे या पठारावर पुनरागमन होऊ शकते हे त्यावरून दिसले, तसेच त्याच्या निर्वाहास पुरेसे वन्य भक्ष्य येथे उरलेले नाही, हेही त्याने मारलेल्या गुराढोरांवरून दिसले. परभक्षी व गावकरी यांच्यातील तंट्याचे मूळ बहुतेक वेळा या रिकाम्या झालेल्या मधल्या जागेत असते. ससा, तित्तर व काळवीट जेथे विपुल आहेत, तेथे लांडगा गोठ्याकडे कमी वळतो. आणि ते विपुल राहण्यासाठी लागते ते राखलेले गायरान, रुंद बांध व पावसाळ्यातील चार महिने न तुडविलेले गवत.